दोनाताच्या दारावरची मुकी घंटा

मी घंटा बोलतेय. बोलतेय म्हणायचं एवढंच, कारण माझ्या पोटात लोळा नाही. लोळा म्हणजे आत लोंबणारा तो दांडू. तो कडेवर आपटला की आम्ही वाजतो. माझा गेला त्याला आता माणसाचं एक आयुष्य होत आलं. पण वाजणं वेगळं आणि बोलणं वेगळं. वाजत होते तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, आणि मुकी झाल्यापासून येणारा-जाणारा थांबून बघतो. तेव्हा थांबलाच आहात तर ऐका.

मी असते सेर्रानेरा गावात, खालच्या आळीत, दोनाताच्या बंद दारावर. खिळा तिनंच ठोकला होता. इथून सगळी आळी दिसते. कुणाच्या घरी कोण आलं, कुणाची चूल आज उशिरा पेटली, सगळं मला कळतं. दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड वाईट म्हणतात. असेल. पण जिला आयुष्यभर खुंटीला टांगून ठेवलंय तिनं दुसरं करायचं काय?

माझा जन्म लोहाराच्या घरचा. पत्रा ठोकून वाकवला, त्यावर पितळेचे तुकडे ठेवले, वरून चिखल आणि गवत लिंपलं आणि दिलं भट्टीत ढकलून. बाहेर काढून चिखल फोडला, पाण्यात बुडवलं, तेव्हा मी पहिल्यांदा किंचाळले. बाळंही रडतच येतात म्हणा.

दोनाता लग्न होऊन या घरात आली ती एक पांढरी गाय घेऊन, आणि त्या गाईच्या गळ्यात मी. म्हणजे आम्ही तिघी एकदमच सासरी आलो. नवरा बरा होता. कमी बोलायचा, गाईला मारायचा नाही. मग लढाई आली आणि त्याला रशियाच्या बर्फात नेलं. तिथून त्याचा देह आला नाही आणि बातमीही आली नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर आला नाही. दारावर सुतकाचं काळं फडकं लावायचीसुद्धा सोय नव्हती. दोनाता कित्येक वर्षं रात्रीच्या जेवणाला त्याचं ताट मांडायची आणि उचलून ठेवायची.

एकदा शेजारच्या मिकेलिनाला ती म्हणाली, "मेला म्हणून कुणी येऊन सांगितलं असतं ना, तर मी त्या माणसाचे हात चुंबले असते गं. मेलेल्याचं दुःख एकदा होतं. न कळण्याचं रोज होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. गावानंही ठेवायला हवं होतं, कारण मिकेलिनाच्या कानात पडलेलं वाक्य म्हणजे गावाच्या कानात पडलेलं.

मुलगा होता एक. कानियो. बापासारखा उंच, पण तोंडाळ, हसरा, आणि कार्निव्हल म्हटलं की अंगात आल्यासारखा. आमच्याकडे कार्निव्हलला गावातले पुरुष गाईच्या घंटा स्वतःच्या कमरेला बांधतात, तोंडाला काजळी फासतात आणि दारोदार जाऊन धाड धाड वाजवतात. थंडी पळावी, गहू उठावा म्हणून. दारात बाईनं दारूचा पेला आणि सॉसेज द्यायचं, नाही दिलं तर वाजवून वाजवून तिचं डोकं उठवायचं. आणि शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी पेंढ्याच्या पुतळ्याला, म्हणजे खुद्द कार्निव्हललाच, शिडीची तिरडी करून चौकात आणायचं, खोटं खोटं रडायचं आणि जाळायचं. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. मग चाळीस दिवस उपवास.

एकच नियम. ज्या दारावर कार्निव्हलच्या आधीपासून काळं फडकं असेल, तिथून जाताना घंटेच्या तोंडात हात घालायचा, लोळा मुठीत धरायचा आणि आवाज न करता पुढे जायचं. हे कुणी शिकवत नाही. बापाच्या मागून चालता चालता मुलांच्या हाताला ते आपोआप येतं.

माझा जुना लोखंडी लोळा झिजला तेव्हा कानियोनं ओकच्या गाठीचा नवा कोरला. त्यानं माझा आवाजच बदलला. बाकीच्या घंटा टणटण करायच्या आणि मी आपली खोल, छातीतून बोलल्यासारखी. सगळ्या गावाच्या गोंगाटात दोनाता चुलीपुढून ओळखायची. "आला गं माझा," म्हणायची आणि पदराला हात पुसत दारात.

पोटासाठी कानियो बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेला. त्याच्या वाटखर्चासाठी गाय विकली. घेणाऱ्याला मीही हवी होते. दोनाता म्हणाली, "गाय ने. घंटा आमच्या घरातली आहे." जाताना कानियोनं मला खुंटीला अडकवलं आणि बजावलं, "आई, ही कुणाला बांधायला देऊ नकोस हं. मी येतो तेव्हा मीच बांधणार."

दोन कार्निव्हल मी खुंटीवर काढले. तिसऱ्याला तो येणार होता. दोनातानं मला राखेनं आणि व्हिनेगरनं घासून घासून इतकी चकचकीत केली की मला माझीच लाज वाटली. डुक्कर कापलं होतं, सॉसेज टांगली होती. पेटीतून लाल ओढणी काढली होती, नवरा गेल्यापासून घडी न मोडलेली.

शनिवारी बस वर आली. तिच्यातून एगिदियो उतरला. एकटाच. कानियोचा लहानपणापासूनचा सोबती हा, एकाच खाणीत, एकाच पाळीला. बसपासून आमचं घर सरळ उतारावर. पण मध्ये गुत्ता आहे. पोरगं धीर यावा म्हणून एक पेला घ्यायला आत शिरलं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मी तिथं नव्हते. पण प्रोस्पेरोची घंटा होती, आणि आम्हा घंटांचं आपसात काही लपत नाही. प्रोस्पेरो म्हणजे दोनाताचा धाकटा दीर, घंटावाल्यांचा म्होरक्या.

"काय रे, कानियो कुठाय?" त्यानं विचारलं.

एगिदियोनं पेला एका घोटात संपवला. "तिकडेच राहिला काका. खाणीचं छत बसलं. गेल्या मंगळवारी. आम्ही काढला त्याला... तिकडेच पुरला."

गुत्त्यात पत्ते वाजत होते ते थांबले. प्रोस्पेरोनं टोपी काढली. भाऊ गेला, आता पुतण्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी नाकारत नाही.

"वहिनीला सांगितलंस?"

"तिकडेच निघालोय."

"बस खाली."

"काका, मला..."

"बस म्हणतो ना. आज सांगितलंस तर आज तिच्या दारावर फडकं लागेल. कार्निव्हल चालू असताना फडकं लागलं की गावातल्या सगळ्या घंटा खुंटीला, पुतळा जळायचा नाही. मागे तसं झालं त्या साली काय झालं? गारांनी गहू झोडपला. डुकरं मेली. पोरं शेंगांच्या टरफलांवर जगली. वहिनी एकटी नाही, गाव आहे."

सवेरियो चांभार पेल्यात बघत म्हणाला, "आणि मेलेला काय, बुधवारीही मेलेलाच राहणार."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच छातीवर क्रूस काढला.

"मंगळवारी पुतळा जळला की मी स्वतः जाऊन सांगेन," प्रोस्पेरो म्हणाला. "तिचा दीर आहे मी. हे माझं काम."

एगिदियोच्या पिशवीत कानियोची टोपी होती. त्यानं पिशवी पायानं बाकाखाली सारली, आणि त्याच्या पेल्यात पुन्हा दारू ओतली गेली.

मग तो आमच्या दारात आला. दोनातानं त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं, आळीच्या वळणापर्यंत.

"आणि माझा?"

"त्याला सुट्टी नाही मिळाली मावशी."

"मग पुढच्या गाडीनं?"

"हो... बघू."

"मेले खाणवाले! कार्निव्हलला सुट्टी नाही म्हणजे काय? ख्रिश्चन आहेत की कोण? ये, आत ये, जेव. वाळलायस नुसता."

तिनं त्याला वाटाण्याचं घट्ट सार वाढलं, वर तळलेल्या लाल मिरच्या चुरडल्या. त्यानं चमचा सारात फिरवला आणि तसाच ठेवून दिला. ती म्हणाली, परदेशात राहून जिभेची चव गेली तुमच्या. मग ती उठली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं.

"ही तू बांध."

"नको मावशी! कानियोनं सांगितलं होतं ना, कुणाला..."

"माझ्या लेकानं काय सांगितलं ते मला सांगतोस? तू काय कुणी आहेस का? त्याच्याऐवजी तू. घंटा तिसऱ्या वर्षी पण मुकी राहिली तर तोच माझ्यावर चिडेल." आणि तिनं स्वतः वाकून माझा पट्टा त्याच्या कमरेला आवळला. तो सगळा वेळ रिकाम्या खुंटीकडे बघत राहिला. मला कळलं काहीतरी आहे. पण घंटेनं काय करावं? वाजवलं तर वाजावं.

रविवारी चर्च सुटेपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. एक दोनाता सोडून. आता अशा गावात राहायचं म्हणजे बघा. चौकात ती आली की बायका सरकून जागा द्यायच्या. पहिलं सॉसेज तिला. खुर्ची तिला. तिनं लाल ओढणी बांधली होती. बाजा सुरू झाला तशी ती नाचलीसुद्धा, कमरेवर हात ठेवून, गाल लाल होईपर्यंत. आणि भोवती सगळे टाळ्या वाजवताहेत, जमिनीकडे बघत.

दम खायला बसली तेव्हा मिकेलिनाला म्हणाली, "यंदा सगळ्यांना माझा भारीच पुळका आलाय गं. मी मरायला टेकलेय की काय? मला तरी सांगा."

मिकेलिनाच्या डोळ्यांतून घळाघळा.

"काय झालं?"

"चुलीचा धूर गेला डोळ्यात."

"चौकात कुठली आली चूल?"

"सकाळचा असेल," मिकेलिना म्हणाली आणि उठून गेली. जिच्या तोंडात आयुष्यात कधी तीळ भिजला नाही, तिनं तेवढ्या दिवसांत एक शब्द गिळून ठेवला, आणि तोच नेमका सांगायचा होता.

मंगळवार उजाडला. घंटावाले जमले. तोंडाला काजळी फासायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सवयीनं बोलून गेला, "एगिदियोला कशाला काजळी? तो तर बेल्जियमहूनच फासून आलाय!" दरवर्षी खाणीतून आलेल्यांना असंच चिडवतात. या वेळी कुणी हसलं नाही. एगिदियोच्या गालाच्या कातडीखाली कोळशाचे निळे ठिपके होते, कधीच न निघणारे. त्यानं त्यांच्यावरूनच काळं फासलं.

निघालो. वरच्या आळीपासून सुरुवात, खालची शेवटी. मी वाजत होते. एगिदियो उड्या मारत होता, इतरांपेक्षा जास्तच, जणू कंबर मोडून घ्यायची होती त्याला. प्रोस्पेरो पुढून ओरडत होता, "जोरात! जोरात!" सगळ्यांनी ठरवलं होतं की दोनाताच्या दारात कुणी कमी करायचं नाही. उलट जास्तच वाजवायचं, म्हणजे संशय नको.

दार उघडंच होतं. दोनाता उंबऱ्यात, एका हातात सुरई, एका हातात सॉसेजची थाळी, थाळीतच कापायची सुरी. डोक्याला लाल ओढणी. घंटा अशा वाजल्या की कौलं हलली.

मी वाजले नाही.

पोटात हात आला. एगिदियोची मूठ माझ्या लोळ्याभोवती बसली आणि घट्ट झाली. त्यानं ठरवून केलं नाही हो. तो ठरवून आला होता वाजवायचं. पाय उड्या मारतच होते. पण मेलेल्याच्या दारात हात आपोआप आत जातो, तो गेला. माणूस तोंडाला खोटं बोलायला शिकवतो. हाताला शिकवायचं राहून जातं.

एवढ्या घंटांच्या कल्लोळात एक गप्प राहिली तर कुणाला कळतं? कुणालाच नाही. दोनाताला कळलं. ती हसत दारू ओतत होती. ओतता ओतता थांबली. मान वाकडी करून ऐकू लागली, जसं चुलीपुढून ऐकायची. मग एकेकाच्या कमरेकडे बघत बघत ती एगिदियोपाशी आली.

"एगिदियो, हात काढ."

तो तसाच.

"हात काढ म्हणते ना बाळा. वाजू दे तिला."

एगिदियोला हात काढता येईना. त्याच्या तोंडावरच्या काजळीत दोन पांढरे ओघळ उतरले. मागच्या घंटा एकेक करून थांबल्या.

"कधी?" दोनातानं विचारलं.

"गेल्या मंगळवारी, मावशी."

"आणि तू शनिवारी आलास."

ती प्रोस्पेरोकडे वळली. "भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"वहिनी, गावाचं बघावं लागतं... आज संध्याकाळी मी येणारच होतो सांगायला..."

"मी रविवारी नाचले," ती म्हणाली. अगदी हळू, स्वतःला सांगितल्यासारखं. "चौकात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

तिनं सुरई आणि थाळी उंबऱ्यावर ठेवली. काही फोडलं नाही, फेकलं नाही. सुरी घेतली, एगिदियोची बोटं एकेक करून सोडवली आणि माझ्या लोळ्याची वादी कापली. ओकचा तो लोळा तिनं पदरात घेतला. मग मला त्याच्या कमरेवरून सोडवलं, काखेत मारलं आणि चालू लागली. घंटावाले मागून. कुणाचाही आवाज नाही, सगळ्यांच्या मुठी आत.

चौकात सगळं तयार होतं. शिडीवर पेंढ्याचा कार्निव्हल पडलेला, पोट फुगलेलं, तोंडात सॉसेज. सवेरियो चांभार त्याची विधवा झाला होता, काळा घागरा, काळी शाल, आणि छाती बडवून हेल काढत होता, "अगं बाई गं, गेला गं माझा लठ्ठोबा! आता मॅकरोनी कोण खाईल गं! माझी गादी कोण दाबेल गं!" लोक पोट धरून हसत होते. या लोकांना अजून खालच्या आळीत काय झालं ते ठाऊक नव्हतं.

दोनाता जाऊन तिरडीच्या दुसऱ्या अंगाला बसली. मला मांडीवर घेतलं. आणि तिनंही हेल काढला.

"कानियो रे, माझ्या लेकरा, तुला अंघोळ कुणी घातली? तुझे पाय गार पडले, मोजे कुणी चढवले? मी इथं लाल ओढणी बांधली, तुला माती कुणी दिली?"

मागच्या लोकांपर्यंत नाव पोचलं नाही, नुसता हेल पोचला, आणि ते हसले. त्यांना वाटलं, खेळच आहे. "वा दोनाता!" कुणीतरी ओरडलं. "सवेरियोपेक्षा झकास!"

कारण शब्द तेच असतात हो. सूर तोच, छातीवरचा हात तोच. आमच्याकडे खोट्या मयताचं रडणं खऱ्या मयतावरूनच उचललेलं आहे. ओळखायचं कशावरून?

पुढच्यांनी ओळखलं. हसणं पुढून मागे विझत गेलं. शेवटचा हसणारा एकटा पडला आणि इकडेतिकडे बघत गप्प झाला. आणि गुत्त्यात 'बुधवारीही मेलेलाच राहणार' म्हणणारा तो सवेरियो? त्यानं डोक्यावरची काळी शाल काढली, तिच्या खांद्यांवर घातली, आणि घागऱ्यातच तिथं गुडघ्यांवर बसून राहिला.

पुतळा जळला नाही. रात्रीच्या पावसात तिथंच भिजला, कुजला. गाव हबकून होतं, आता गारा येणार, डुकरं मरणार. काही आलं नाही. त्या वर्षी गहू बरा पिकला. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

दोनातानं दारावर काळं फडकं लावलं नाही. त्याच्या जागी खिळा ठोकून मला टांगलं. लोळा कायम तिच्या खिशात असायचा. ती गेली तेव्हा एगिदियोनं तो तिच्या हातात ठेवून शवपेटी बंद केली.

एगिदियोला तिनं दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. "बस," म्हणाली, "आता सांग. सगळं सांग. काही गाळू नकोस." त्यानं पिशवीतून कानियोची टोपी काढून दिली आणि सांगितलं. दरवर्षी तो परत आला की ती सांगायला लावायची, तेच तेच, आणि तो सांगायचा. घंटा त्यानं परत कधी बांधली नाही. खाणीनं त्याची छाती खाल्ली आणि तोही गेला.

प्रोस्पेरो माफी मागायला यायचा. ती दार उघडायची नाही. आतून म्हणायची, "आज नको भाऊजी. बुधवारी या." तो मरेपर्यंत तिचा बुधवार आला नाही.

आता घर बंद आहे. मी गंजलेय. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलंय, तेवढाच काय तो आतला आवाज. मध्ये गावातले दोघे शिकलेले आले होते, म्हणाले, हिला नवा लोळा बसवू आणि काचेच्या कपाटात ठेवू. मला नका बसवू बाबांनो. परक्या लोळ्यानं मी काय बोलणार?

कार्निव्हल अजून होतो. आताची पोरं शहरातून येतात, दोन दिवस नाचतात, जातात. दोनाता कोण, कानियो कोण, त्यांना काही ठाऊक नाही. पण या दारापुढे आली की त्यांच्या मुठी घंटांच्या तोंडात जातात. मागच्या खेपेला एका पाहुण्यानं विचारलं, इथं का गप्प झालात? पोरगं म्हणालं, "काय माहीत. तशी पद्धत आहे."

असू दे. मला तेवढं पुरे आहे.

तुम्हाला एक मागते आणि गप्प होते. कधी कुणाच्या आईसाठी बातमी घेऊन निघालात तर वाटेतल्या गुत्त्यात थांबू नका. धीर गोळा करत बसू नका, गावाला विचारू नका, गव्हाचं बघू नका. सरळ उतार उतरा आणि तिच्या दारात उभे राहा. ती तुमचे हात चुंबेल.

आता जा. आणि जाताना मला टिचकी मारून बघू नका. सगळे बघतात.